पुन्हा पहिल्यापासून

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ऑब्री फेंटन थांबला. सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. तो कायमच तालाच्या मागून यायचा. उशीर झालेल्या माणसासारखा नव्हे, बस आपल्यासाठी थांबणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखा.

पण आज तो आलाच नाही. ड्रमवाल्यानं एक आवर्तन जास्त फिरवलं. मग आणखी एक. आजारपणानंतर पहिल्यांदाच गायला उभा राहिलेला तो म्हातारा माइक धरून अंगणभर नजर फिरवत राहिला, शब्द कुणापाशी तरी राहून गेले असावेत तसा.

कार्लीन कुंपणाला टेकून उभी होती. वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांच्या जागी ती आली होती. "ऑब्रीच्या आधी आपण अमेरिकी तबकड्यांवर नाचायचो," ते सांगायचे. "यानं ठोका उलटा टाकला, तेव्हा कुठं किंग्स्टनच्या पायांना घर सापडलं." बरं झालं, हे बघायला ते नाहीत, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"बाबा, घरी जा, पेज प्या!" मागून कुणी पोरगा ओरडला. हशा पिकला. मोबाइल वर झाले.

"तुझी आजी याच्याच गाण्यावर पटली होती, मेल्या!" शेजारची मिस आयसिल्डा कडाडली. मटणाच्या पातेल्यापाशी ती डाव घेऊन उभी होती. मग कार्लीनकडे वळून हळूच म्हणाली, "संपलं गं पोरी. उद्या गावभर हसं होणार त्याचं."

कार्लीन वळली आणि दोन्ही हातांनी कुंपणाचा पत्रा बडवू लागली.

"अगं, वेड लागलं का? बाप जाऊन महिना नाही..." आयसिल्डा बोलता बोलता थांबली. तिच्या ध्यानात आलं. गाणं जिवापाड आवडलं की इथं पत्रा बडवतात. मग वाजवणाऱ्यांनी आहे तिथं हात आवरायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. गाणं असं मध्येच तोडायला लावणं, यापरता मोठा मान नाही.

तिनं डाव पत्र्यावर हाणला. "पुन्हा! पहिल्यापासून!"

बघता बघता सगळं कुंपण दणाणलं. हसणारी पोरंसुद्धा मागं राहिली नाहीत. पत्रा वाजायला लागल्यावर कुणाचे हात गप्प बसतात? ड्रमवाल्यानं काठ्या वर धरल्या आणि भलामोठा श्वास सोडला. ऑब्रीनं मान हलवली, लोकांच्या हट्टापुढं त्याचा जणू नाइलाज होता.

ट्रोम्बोन पुन्हा सुरू झाला. पहिलं कडवं सरलं आणि तीच जागा आली. ऑब्रीनं तोंड उघडायच्या आत कार्लीननं ओळ उचलली, बेसूर, मोठ्यानं. आयसिल्डानं उचलली. मग अख्ख्या अंगणानं.

ऑब्रीनं हात उंचावून सगळ्यांना गप्प केलं.

"गाणं कुणाचं आहे?" तो खेकसला. "मला म्हणू द्याल की नाही?"