खालच्या वस्तीचा आवाज

“ऐकू आलं का?” डोरिनने तिसऱ्यांदा विचारलं. “मी म्हटलं, माझ्याशी लग्न करशील का?”

स्मारांदाला पहिल्या वेळीच स्पष्ट ऐकू आलं होतं. पण तिला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

“खरखर फार आहे,” ती रेडिओचं बटण दाबून म्हणाली. “अजून एकदा सांग.”

“अगं, घसा बसला माझा!”

ती हसत होती, तेवढ्यात पाठीमागे दार उघडलं. दारात वस्तीचे मुखिया नेकुलायकाका उभे होते.

ओरिता ग्रहावरची दुपार चौदा तासांची. मधले तीन तास सगळी वस्ती दारं लावून झोपते. त्यातून आज सुट्टी, म्हणजे रेडिओच्या खोलीकडे कुणी फिरकायचं नाही. धुळीच्या वादळाने आठवडाभर डोरिनचा आवाज आला नव्हता, म्हणून स्मारांदा पहिल्यांदाच सुट्टीच्या दिवशी चोरून आली होती. खालच्या वस्तीत डोरिनलाही नेमकं तेच सुचलं होतं.

दोन्ही वस्त्या एकाच यानातून आलेल्या. अकरा वर्षांपूर्वी बर्फ खणायच्या एकुलत्या एका यंत्रावरून भांडण पेटलं. भर सभेत झाम्फिराबाईंनी नेकुलायकाकांना चोर म्हटलं, काकांनी त्यांना कैदाशीण म्हटलं, आणि एका वस्तीच्या दोन झाल्या. एक दरीच्या वर, एक खाली. काकांनी नियमच करून टाकला. अपघाताची खबर सोडली, तर खालच्यांशी रेडिओवर चकार शब्द काढायचा नाही. जो काढेल त्याने दोन वर्षं बर्फाच्या खाणीत राबायचं. खालच्यांच्या मुखिया झालेल्या झाम्फिराबाईंनीही तिकडे तोच नियम केला, फक्त दोनाची तीन वर्षं केली.

“तू?” काका म्हणाले. “आज तर तुझी सुट्टी.”

त्यांच्या अंगात ठेवणीतला कोट होता. हे आता थेट सभा बोलवायला जाणार, असं स्मारांदाला वाटलं.

“कोण आहे तो?”

“डोरिन. खालचा रेडिओवाला.”

“किती दिवस चाललंय?”

“सात महिने.”

“नियम माहीत आहे ना?”

“पाठ आहे. अपघात असेल तर बोलायची मुभा आहे, काका. माझा अपघातच झालाय म्हणा.”

काका हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कोटाचं वरचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं.

“बंद कर ते आणि घरी जा. काय ते उद्या बघू.”

“उद्या का? आजच निकाल लावा.”

“पोरी, जा म्हणतो ना!”

खाणीत गेलेली माणसं कशी परत येतात, ते स्मारांदाने पाहिलं होतं. तिचा बापच दोन बोटं गमावून आला होता. पण आता उठले, तर हा आवाज पुन्हा कानावर पडणार नाही, हेही तिला कळत होतं. तिने स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर ठाण मांडलं.

“दोन नाही, चार वर्षं पाठवा,” ती म्हणाली. “पण तो बिचारा तिकडे ताटकळलाय. आधी त्याला उत्तर देऊ दे.”

काकांनी परत घड्याळ पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब जमले होते. एवढा संताप तिने त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिला नव्हता.

“दे,” ते दातओठ खात म्हणाले. “पटकन दे आणि चालती हो.”

तिने बटण दाबलं. “डोरिन, हो. हो. आणि तिसऱ्यांदाही हो!”

पलीकडे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला. मग डोरिनची आरोळी आली, इतकी मोठी की कर्णा फाटतोय की काय असं वाटलं.

“ऐकलं मी! ऐकलं! अगं, मी आत्ता दरी चढून येतो, मग तुझ्या त्या खडूस म्हाताऱ्याला...”

“तो म्हातारा इथेच उभा आहे,” काका गुरगुरले.

पण बटण दाबलेलं नव्हतं, डोरिनला ते ऐकू गेलं नाही. त्याचा आवाज एकदम दबला. “स्मारांदा, मेलो! बाहेर पावलं वाजतायत. झाम्फिराबाई इकडेच येतेय. आज सुट्टी असून ही इथे कशाला कडमडली? मी टेबलाखाली घुसतो. बोलू नकोस!”

कर्ण्यात नुसती खरखर उरली.

“बंद कर,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “स्मारांदा, बंद कर ते यंत्र!”

“नाही करणार. त्याला शिव्या पडल्या तर मलाही ऐकू देत. गुन्हा दोघांचा आहे.”

काका झेपावले. स्मारांदाने दोन्ही हातांनी खटका झाकून घेतला. मुखियाच्या अंगाला हात लावायची ही तिच्या आयुष्यातली पहिली वेळ होती, पण तिने त्यांना कोपराने मागे ढकललं. तेवढ्यात पलीकडे खुर्ची करकरली, कुणीतरी घसा खाकरला आणि बाईमाणसाचा मऊ, लाडिक आवाज खोलीभर पसरला.

“नेकू, आज अगदी गप्प रे? बोल की राजा, इथे मी एकटीच आहे.”