ईदीच्या पाटल्या

"हात पुढे करा," रिसीव्हर म्हणाले. अमिरुन्निसाने पदराखालचे हात बाहेर काढले. दोन्ही मनगटांत सोन्याच्या पाटल्या होत्या.

तिच्या नवऱ्याचा, हारूनचा, चौकातला सोडावॉटरचा कारखाना बुडाला होता. कोर्टाने त्याला नादार ठरवलं. त्याची चीजवस्तू विकून ज्यांचे पैसे अडकले त्यांच्यात वाटायला फणसे वकिलांना रिसीव्हर नेमलं. सकाळपासून ते घरात बसून यंत्राला, बाटल्यांना, भिंतीवरच्या घड्याळाला भाव लावत होते. लोखंडी कपाटाला भंगाराचा भाव लागला, तेव्हा हारूनचं तोंड एवढंसं झालं. पंच म्हणून त्याचाच धाकटा भाऊ मकसूद बसला होता. मोठ्या भावाची फजिती बघायची त्याला भारी हौस, चेहरा मात्र मयतीला आल्यासारखा.

फणसे काही वाईट माणूस नव्हते. "बाई, माहेरचं सोनं असेल तर ते तुमचं. मी हात लावणार नाही. नवऱ्याने दोन वर्षांच्या आत दिलं असेल, तर मात्र विक्रीत जाईल. नीट सांगा."

अमिरुन्निसाचा जीव भांड्यात पडला. गेल्या वर्षी आईने शेवटच्या दुखण्यात स्वतःच्या हातातल्या काढून तिला घातल्या होत्या. त्या मोडून शिलाई मशीन घ्यायचं आणि तीन मुलींच्या पोटाला घालायचं, एवढाच आधार तिने मनाशी धरला होता.

"आईच्या हायेत," ती म्हणाली.

मकसूद खाकरला. "भाभी, गेल्या ईदला तर भाई सांगत होता, त्यानंच केल्या म्हणून."

सांगत होता खरा. अख्ख्या जमातीत छाती फुगवून सांगत होता. चारचौघांत नवऱ्याची शोभा नको म्हणून ही गप्प राहिली होती. वेडी मनातून सुखावलीही होती.

फणशांनी हारूनकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. त्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हारून भावाकडे बघत होता.

"मीच केल्या, साहेब," तो म्हणाला.

"खोटं हाय, साहेब. माझ्या आईच्या हायेत त्या."

फणशांचं पेन थांबलं नाही. "बाई, माल वाचवायला खोटं बोलणारे मी रोज बघतो. माल घालवायला कोणी खोटं बोलत नाही."

पाटल्या निघेनात. साबण लावला, तरी कातडं सोलवटलं. सराफाच्या काट्यावर त्यांचं वजन झालं. मकसूदने पंच म्हणून सही केली. भावाची ईदची बढाई खोटी होती, हे जमातीत सांगत फिरायची त्याची सोय मात्र राहिली नाही.

हारून ताठ बसला होता. दारातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तो बायकोला म्हणाला, "रडतेस काय गं? दुसऱ्या करून देईन, ह्याच्यापेक्षा जड."