थोडा निळा वाढव

बाबांचा जन्म कलर लॅबमध्ये लोकांच्या फोटोंचे रंग जुळवण्यात गेला होता. त्यामुळे परगावच्या धाकट्याने व्हिडिओ कॉलवर "बाबा, तुम्ही पिवळट दिसताय" म्हटलं, तेव्हा त्यांनी त्यालाच झापलं.

"अरे, माझ्या तोंडाला कशाला नावं ठेवतोस? तुझा मॉनिटर म्हातारा झालाय. निळा वाढव थोडा!"

मॉनिटर जुनाच होता, आणि रंगांच्या बाबतीत बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याने सेटिंगमध्ये जाऊन निळा वाढवला. बाबा लगेच पूर्वीसारखे दिसू लागले. पुढच्या रविवारी पुन्हा पिवळट, म्हणून पुन्हा थोडा निळा. दर रविवारचं ते एक कामच होऊन बसलं.

"बघ, नजर अजून शाबूत आहे माझी," बाबा खूश.

मग एका रविवारी ताई माहेरी आली. कॉल चालूच होता. हातातली बॅग टाकून ती बाबांच्या शेजारी बसली आणि त्यांच्याकडे बघून हसता हसता थांबली.

"बाबा, डोळे इतके पिवळे कधी झाले तुमचे?"



धाकट्याच्या स्क्रीनवर बाबा ठणठणीत दिसत होते. ताईच तेवढी निळी पडली होती.