फिल्मवरचा ठिपका

उपग्रहाच्या फिल्मवरून पाताळगंगेचं पाणी आणि खाडीतल्या बोटी टिपणं, हे पनवेलच्या ऑफिसात निनादचं काम. फिल्मवर धूळ दिसली की तो ब्लेडने खरवडायचा.

सोमवारी दुपारी नदीवरचा, आपटा गावाजवळचा असाच एक ठिपका त्याने खरवडला. जेवायची घाई होती. हात जोरातच चालला.

मंगळवारी शिपाई गणू रडतच आला. "सायेब, माजा भाऊ गेला. काल दुपारी आपट्याला होडी उभी चिरली. आन त्यो बी."

"कोणी केलं?"

"नाय ठावं. वार वरून झालाय."

निनादने नवी फिल्म काचेवर ठेवली. नदी स्वच्छ होती. ठिपका होता तो पनवेलात, त्यांच्याच ऑफिसवर.

त्याने ब्लेड खिडकीबाहेर भिरकावलं.

ठिपक्यावर आपोआप ओरखडा उमटू लागला, आणि डोक्यावरचा पत्रा टर्रकन फाटला.