जिन्यातला कान

भिंतीपलीकडे पहिला फटका बसला तसे मजल्यावरचे सगळे मिक्सर सुरू झाले. शर्वरीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. पलीकडे प्रताप बायकोला, वैजूला, पट्ट्याने मारत होता, आणि आज तो थांबायचं नावच घेत नव्हता.

"अगं, तुझा मिक्सर का बंद?" दाभाडेकाकू दारातूनच करवादल्या. "त्या कानाला ऐकू गेलं तर आठवडाभर नळ कोरडे. मग या पोराचे लंगोट कशात धुशील?"

जिन्यात नगरपालिकेने बसवलेल्या यंत्राला सगळे कानच म्हणत. ज्या इमारतीत बाईची किंकाळी ऐकू येईल तिचं पाणी तोडायचं, म्हणजे शेजारीच मारणाऱ्याचा हात धरतील, असा साहेबांचा विचार होता. शेजाऱ्यांना मिक्सर सोपा वाटला.

"काकू, मरेल ती."

"रोज मरते. संध्याकाळी भाकऱ्या थापायला उभी असते."

तेवढ्यात पलीकडे डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज झाला. शर्वरीने बाळाला काकूंच्या हातात कोंबलं, जिन्यात धावली आणि कानापाशी तोंड नेऊन गळा फाटेस्तोवर किंचाळली.

यंत्रावर लाल दिवा लागला. धडाधड दारं उघडली. कुणी तिचे केस ओढले, कुणी पाठीत गुद्दे घातले. ती पुन्हा ओरडणार तोच रक्ताने चिकट झालेला एक तळहात तिच्या तोंडावर बसला.

"काय केलंत हे वहिनी?" वैजू फुटक्या ओठांनी म्हणाली. "आजवर एकटे हेच मारत होते. आता सगळी बिल्डिंग मारेल."