रिकामा ताबा

"'मी सदर घरात केवळ माझ्या भावाच्या मेहेरबानीने राहत आहे,'" वकीलबाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. "हे कळलं ना तुम्हाला?"

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते. घर विकणारा भाऊ, त्याची बायको, घर घेणारं तरुण जोडपं आणि त्या जोडप्याच्या वतीने कागद तपासायला आलेल्या वकीलबाई. जिची सही हवी होती ती ताई, भावाची थोरली बहीण, तेवढी उभी होती. सगळ्यांचे चहाचे कप विसळून आलेली, हात अजून ओले.

"मेहेरबानी कुठे लिहिलीय, दाखवा," ताई म्हणाली.

वकीलबाईंनी बोट ठेवलं. ताईने वाकून स्वतः वाचलं.

"अगं, वकिली भाषा ती," भाऊ म्हणाला. "सगळीकडे असंच लिहितात. सही कर आणि मोकळी हो."

"माझी नाही हो ती भाषा," वकीलबाई म्हणाल्या. "हा कागद तुम्हीच करून आणलात."

भावाने ते हसण्यावारी नेलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. वडिलांनी घर त्याच्या नावावर केलेलं. ताई वरच्या मजल्यावर राहते, पण ती काय, घरचीच. तिने लिहून दिलं की घेणाऱ्यांना रिकामा ताबा मिळेल आणि ताई त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला येईल.

"स्वयंपाकघराला लागून खोली आहे. खास तिच्यासाठी ठेवलीय," तो जोडप्याला म्हणाला.

"त्यात वॉशिंग मशीन आहे," ताई म्हणाली.

"मशीन सरकवता येईल की," भावजय पुटपुटली.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "ताई, मी तुमची वकील नाही, ह्या दोघांची आहे. तरी सांगणं भाग आहे. ही सही केलीत तर उद्या ह्या घराबद्दल तुम्हाला ब्रसुद्धा काढता येणार नाही. आधी स्वतःचा वकील गाठा. त्याला दाखवा."

"तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूच्या?" भाऊ उसळला.

"घेणाऱ्यांच्या. म्हणूनच. घाईने उरकलेली सही पुढे ह्यांच्याच गळ्यात येते."

तरुण नवरा खाली मान घालून म्हणाला, "आम्ही भाड्याची जागा सोडतोय. सामान बांधून झालंय."

त्याच्या बायकोने टेबलाखाली त्याचा हात धरला.

"तुमचं वाईट वाटतं मला," ताई त्या दोघांना म्हणाली. "तुमचा ह्यात काही दोष नाही." मग ती भावाकडे वळली. "बाळ्या, वरचा मजला कशासाठी चढवला, आठवतं?"

पन्नाशीच्या भावाचे कान लाल झाले. बाहेर त्याला सगळे साहेब म्हणत.

"तुला अभ्यासाला शांतता हवी होती म्हणून. मजूर परवडेना, तर गवंड्याच्या हाताखाली विटा मी दिल्या. सकाळी विटा, दुपारी नोकरी. बोटं सोलून निघाली होती माझी. तेव्हा कोण कोणावर मेहेरबानी करत होतं?"

"म्हणजे तुला हिस्सा हवाय. सरळ सांग ना तसं."

"हिस्सा मागितला का मी? मी खोटं लिहून देणार नाही, एवढंच म्हणतेय."

"मग खरं काय ते सांग. तसं लिहितो."

"लिही. ताई ह्या घरात राहते. स्वतःच्या हक्काने राहते. असं लिही आणि सही कुठे करायची ते दाखव."

भावाने पेन टेबलावर आपटलं. "आयता आलेला व्यवहार मोडतेस तू! कोर्टात जाईन मी. बाहेर काढीन तुला."

बोलून गेला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

ताईने ओले हात पदराला पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट.

"जा," ती म्हणाली. "रस्ता ठाऊक नसेल तर ह्या बाई सांगतील."

वकीलबाईंनी कागद गोळा केले. "आज सह्या होत नाहीत," त्या जोडप्याला म्हणाल्या. "तुमच्यासाठी दुसरी जागा बघू. उद्या सकाळी फोन करा मला."

ताई जिना चढून वर गेली. बाकीचे एकेक करून बाहेर पडले. फाटकाशी भाऊ वकीलबाईंना समजावत होता, ती चिडलीय नुसती, दोन दिवसांत येईल ताळ्यावर, माझा शब्द आहे.

तेवढ्यात वरून करकर आवाज आला. लोखंडी खाट ओढली जात होती. आईवडील गेल्यापासून वरची त्यांची रस्त्याकडची मोठी खोली बंदच होती. ताई मागच्या लहान खोलीत झोपायची. आवाज मागून निघाला होता आणि पुढे पुढे येत होता. मध्येच थांबायचा, बहुधा दम घ्यायला, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

सगळ्यांनी माना वर केल्या.

"ताई!" भाऊ खालून ओरडला. "अगं, फरशीवर चरे पडतील!"

खाट पुढे येतच राहिली.