लॉफ्टसाठी दीक्षा

लॉफ्टवर, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, खोली काढायची परमिशन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, पुन्हा नाकारली आणि तिकडे नकुलचे आई-बाबा इल्फर्डचं घर विकून कायमचं त्याच्याकडे राहायला यायचं म्हणून सामान बांधायला लागले. "झोपवायचं कुठे त्यांना, डिशवॉशरमध्ये?" त्याची बायको तनू म्हणाली. नकुलच्या जिवाला चैन पडेना. शेवटी त्याने फ्रीमेसन, म्हणजे सगळीकडे वशिले असलेल्या त्या जुन्या गुप्त संघटनेचा सभासद, व्हायचं ठरवलं. जॉर्ज वॉशिंग्टनसुद्धा फ्रीमेसनच होता म्हणे. ज्या मंडळींनी अख्खी अमेरिका उभी केली, त्यांना एक खोली उभी करणं काय अवघड?

म्हणून आज तो दीक्षेसाठी लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या सभागृहात, डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी आणि डावी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चुळबुळत उभा होता. लॉजचे प्रमुख असलेल्या मास्टरसाहेबांनी धीरगंभीर आवाजात विचारलं, "या अंधारात तुझ्या मनातली सर्वांत मोठी इच्छा कोणती?"

शेजारचा कानात कुजबुजला, "प्रकाश म्हण."

"लॉफ्टची परमिशन!" नकुलच्या तोंडून निघून गेलं.

मास्टरसाहेब आसनावरून खाली उतरले, त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची पट्टी सोडली आणि हळूच विचारलं, "म्हणजे कौन्सिलमध्ये तुझ्या ओळखीचं कोणीच नाही? आमच्या लॉजच्या छपराची परमिशनही कित्येक वर्षं तिथेच अडकलीय रे. आम्हाला वाटलं, तुम्हा भारतीय लोकांचा प्रत्येक ऑफिसात एक तरी अंकल असतो."